सहाशे साठच्या आत

कुरेमात्सु तेत्सुजी यांची गाडी होसोतानीच्या तिसऱ्या वळणावर थांबली, ही घटना आमच्या कार्यालयाच्या कोणत्याही नियमात बसत नव्हती. चढावर थांबणे हा गुन्हा नाही. मागे घसरणे हा गुन्हा आहे, पण कुरेमात्सुंनी ब्रेक दाबून धरला होता, आणि घसरले ते फक्त तोफूचे एक भांडे, तेही गाडीच्या आत. त्यामुळे पहिले अकरा दिवस या प्रकरणाची फाइल उघडता आली नाही.

गाडी म्हणजे चोवीस वर्षांची छोटी व्हॅन. आमच्याकडे सहाशे साठ सीसीपर्यंतच्या गाडीला नंबरची पिवळी पाटी मिळते, त्यापुढच्या गाडीला पांढरी. पिवळीला कर कमी आणि मानही कमी. कुरेमात्सुंच्या व्हॅनमध्ये मागे फ्रीज, फळ्या, पाण्याची टाकी आणि छतावर एक कर्णा आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते तोफू, मासे, सूपसाठी मिसो, टॉर्चचे सेल आणि गुडघ्याला लावायच्या पट्ट्या घेऊन डोंगरावरच्या होसोतानी वस्तीला जात. वस्तीत नऊ माणसे राहतात. सर्वांत लहान चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, म्हणून जड कामे अजून त्यालाच सांगतात. दुकान नाही, बस सहा वर्षांपूर्वी बंद झाली. ही व्हॅन चढली नाही, तर नऊही जणांनी घरे सोडून खाली वृद्धाश्रमात यायचे, असे ठरल्यासारखे होते. वृद्धाश्रमात चार खाटा रिकाम्या होत्या.

नवी गाडी का घेत नाही, असे मी पहिल्याच भेटीत विचारले. कुरेमात्सुंनी मला समजावून सांगितले की मासे विकण्याचा परवाना गाडीला चिकटलेला असतो. जुन्या गाडीला जुना नियम, चाळीस लिटर पाण्याची टाकी. नव्या गाडीला नवा नियम, दोनशे लिटर. मी तिथल्या तिथे गणित केले. दोनशे लिटर पाणी घेतलेली नवी व्हॅन पहिल्याच वळणावर थांबते. जुनी निदान तिसऱ्यापर्यंत जात होती.

उरला प्रश्न इंजिनाचा. तो तपासायला एबिसावासाहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मला ओरितांच्या गॅरेजमध्ये पाठवले. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर असल्याने मोजमापाची कामे माझ्याकडे येतात. निघताना कार्यालयाबाहेरच्या बाकावर एक म्हातारी पाठीवरची लाकडी चौकट उतरवून बसली होती. अर्धा बाक चौकटीनेच व्यापला होता. बाक अर्जदारांसाठी आहे, हे मी नोंदवून ठेवले.

गॅरेजमध्ये दोन ओरिता आहेत. वडील गेनपेई, वय अडुसष्ट, आणि मुलगी चिनात्सु, वय एकतीस. व्हॅनचे इंजिन खोलून टेबलावर ठेवले होते, आणि दोघे त्याच्या दोन बाजूंना उभे होते. एकमेकांशी बोलायचे असले तर ते इंजिनाकडे बघून बोलत.

गेनपेईंचे म्हणणे असे की सिलिंडर घासला आहे, रिंगा गेल्या आहेत, पण ओतीव लोखंड अजून खणखणीत आहे. पाव मिलिमीटर बोअर मारावा, म्हणजे सिलिंडर आतून कोरून तेवढा रुंद करावा, मोठे पिस्टन बसवावेत, हेड घासून घ्यावे. गाडी पुन्हा चढेल, पहिल्यापेक्षा जोरात चढेल. चिनात्सुचे म्हणणे असे की भंगारवाल्याकडे अपघातातल्या नव्या व्हॅनचे टर्बो इंजिन पडून आहे, चाळीस हजार किलोमीटर चाललेले. ते आणावे, बसवावे, दोन दिवसांत मोकळे व्हावे.

"बसवावे म्हणे," गेनपेई इंजिनाला म्हणाले. "माणसाची दाढ दुखली तर काय डोकं बदलतात?"

"दाढ?" चिनात्सु म्हणाली. "बाबा, याची बत्तिशी पडलीय. तुम्ही हिरड्या घासताय."

"हे इंजिन मी तीन वेळा खोललंय. त्याचा आवाज मला कळतो."

"कानाचं मशीन घ्या म्हणून दोन वर्षं मागे लागलेय, ते घेत नाही. इंजिनाचा आवाज बरा कळतो."

कुरेमात्सु एका उपड्या डब्यावर बसून हे ऐकत होते. त्यांनी मला हळूच विचारले, "सरकारच्या दृष्टीनं काय सोपं पडेल?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. मी सिलिंडरचे माप घेतले. व्यास पासष्ट मिलिमीटर, पिस्टनची धाव सहासष्ट, सिलिंडर तीन. म्हणजे सहाशे सत्तावन्न सीसी. पाव मिलिमीटर बोअर मारला तर सहाशे बासष्ट पूर्णांक एक.

"म्हणजे?" कुरेमात्सु म्हणाले.

"म्हणजे पांढरी पाटी."

पांढरी पाटी म्हणजे कर वाढणार, हे कुरेमात्सु सोसायला तयार होते. पण होसोतानीच्या वाटेवर, दुसऱ्या वळणानंतर, एक पूल आहे. पुलावर फलक आहे की फक्त पिवळ्या पाटीच्या गाड्या जातील. आम्ही तो एकोणीस वर्षांपूर्वी लावला, कारण पूल अरुंद आहे आणि पिवळ्या पाटीच्या गाड्या अरुंद असतात.

दुसऱ्या दिवशी कुरेमात्सु कार्यालयात आले. एबिसावासाहेबांनी त्यांना चहा दिला. आमच्याकडे चहा देतात तेव्हा नकार निश्चित असतो, हे कुरेमात्सुंना ठाऊक होते, म्हणून त्यांनी कप हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

"गाडी तीच राहणार ना, साहेब? रुंदी तीच, वजन तेच. पुलाला काय फरक पडतो?"

"पुलाला पडत नाही," साहेब म्हणाले. "फलकाला पडतो."

कुरेमात्सुंनी आणखी एक गोष्ट सांगितली, पण ती वाहनाविषयी नसल्यामुळे मी नोंदवली नाही.

त्यांचे वाईट वाटून मीच तोडगा सुचवला. सहाशे साठच्या आत राहून किती बोअर मारता येईल, याचे गणित मी रात्रभर डोक्यात घोळवले. उत्तर आले पॉइंट चौदा मिलिमीटर. त्या मापाचा पिस्टन कोणी बनवत नाही. गेनपेईंनी बनवला. तीन पिस्टन, स्वतःच्या लेथवर, सव्वीस दिवसांत. प्रत्येक पिस्टन ते हातरुमालात गुंडाळून ठेवत. चिनात्सुने त्या सव्वीस दिवसांत बापाला जेवणाचा डबा नेऊन दिला आणि एक शब्द बोलली नाही. ती त्यांच्यातली मोठी सवलत होती, असे मला नंतर समजले.

इंजिन भरले सहाशे एकोणसाठ पूर्णांक नऊ. मी स्वतः मोजले. गाडी गॅरेजच्या मागच्या चढावर सरसर चढली. गेनपेई टोपी काढून इंजिनाला नमस्कार करते झाले. सगळे आनंदात होते, आणि मला एक शंका आली.

ही शंका मी मनात ठेवली असती तर हे प्रकरण तिथेच संपले असते. पण अहवालात "परिस्थिती" नावाचा रकाना आहे आणि त्यात मोजतानाचे तापमान लिहावे लागते. मी वीस अंश लिहिले. मग लक्षात आले की इंजिन वीस अंशावर चालत नाही, नव्वदवर चालते. लोखंड तापले की फुगते. सत्तर अंशांच्या फरकाने हेच इंजिन सहाशे एकसष्ट पूर्णांक चार सीसी होते. म्हणजे गाडी दारातून निघताना पिवळ्या पाटीची असते, आणि पुलापर्यंत पोचते तेव्हा पांढऱ्या.

एबिसावासाहेबांनी माझा अहवाल दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. असा प्रश्न आमच्या कार्यालयात यापूर्वी कोणी उपस्थित केला नव्हता. त्यांनी वरच्या कार्यालयाला विचारणा केली, आणि तिकडून उत्तर आले की नियमात तापमान नमूद नाही. मात्र शंका उपस्थित झालेली असल्याने तिचे निरसन होईपर्यंत परवानगी देऊ नये. शंका उपस्थित करणाऱ्याने निरसनही करावे, असे खाली पेन्सिलीने लिहिले होते.

"पुलाच्या अलीकडे गाडी बंद करून थंड केली तर?" कुरेमात्सुंनी विचारले.

साहेबांनी विचार केला. "पुलावर चालवणार कशी मग?"

"ढकलीन."

"ढकलताना ती वाहन राहत नाही. सामान होते. पुलावर सामान ठेवण्याचा अर्ज वेगळा."

त्या दिवशी बाकावर पुन्हा तीच म्हातारी होती, तिची चौकट आणि दोन पिशव्या. माझ्या सूचनेवरून तिथे पाटी लावण्यात आली: हा बाक अर्जदारांसाठी आहे. तिने पाटी वाचली, उठून वाकून माफी मागितली आणि पायरीवर जाऊन बसली. नियमाची अशी सहज अंमलबजावणी बघून बरे वाटले.

आता चिनात्सुची पाळी होती. तिने भंगारातले टर्बो इंजिन आणले. सहाशे अठ्ठावन्न सीसी, तापल्यावर सहाशे एकोणसाठ पूर्णांक पाच. मी आधी तेच बघितले. ताकद चौसष्ट अश्वशक्ती. पिवळ्या पाटीला चौसष्टच्या वर जाता येत नाही. ही मर्यादा कोणत्या कायद्यात आहे ते शोधण्यात मी तीन दिवस घालवले, आणि ती कुठल्याच कायद्यात नाही. गाड्या बनवणाऱ्यांनी कधीतरी आपसात ठरवली आणि सगळे पाळतात. मी हे साहेबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "लिहिलेली नाही म्हणून तर मोडता येत नाही."

चौसष्ट चालणार होते. पण जुने इंजिन सेहेचाळीसचे. ताकद वाढली म्हणून ब्रेकचे गणित, मागच्या दांड्याच्या मजबुतीचे गणित, सांगाड्याचा नकाशा, सगळे चार प्रतींत. चिनात्सुने ते सगळे केले. तिचे गणित माझ्यापेक्षा स्वच्छ होते, हे नाइलाजाने नमूद करतो. सत्तावन्न पाने झाली. अठ्ठावन्नाव्या पानावर घात झाला.

या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या आसनाखाली असते. नवे इंजिन एकतीस मिलिमीटर उंच होते. म्हणून आसन एकतीस मिलिमीटर वर गेले. म्हणून चालकाचे डोके छताला लागू लागले. छत वर नेले तर गाडी दोन मीटरच्या पुढे जाते आणि पाटी पुन्हा पांढरी होते.

"अडचण इंजिनात नाही," एबिसावासाहेबांनी निष्कर्ष काढला. "चालकात आहे. कुरेमात्सु-सान, आपली उंची?"

"एकशे एकोणसत्तर."

"एकशे अठ्ठावन्नपर्यंत चालली असती."

अर्जावर दोन चौकोन असतात, सुधारणा आणि बदली. आजवर ते फक्त इंजिनासाठी वापरले गेले होते. साहेबांनी चालकासमोर सुधारणेच्या चौकोनात खूण करता येईल का, यावर थोडा वेळ विचार केला आणि मग बदलीवर खूण केली. चिनात्सु एकशे चौपन्न सेंटिमीटर आहे. ती गाडी चालवायला तयार झाली. वडील म्हणाले, "बघा, शेवटी सुटा भाग म्हणून पोरगीच बसवली." ती म्हणाली, "बाबा, निदान मी मापात आहे."

पण मासे विकण्याचे प्रमाणपत्र कुरेमात्सुंच्या नावावर आहे, त्यामुळे विक्रीच्या जागी ते हजर हवेत. शेजारचे आसनही इंजिनावरच आहे, तेही वर गेलेले. राहिली मागची जागा, माशांच्या फ्रीजशेजारी. मागे बसलेला माणूस प्रवासी धरता येत नाही, कारण तिथे आसन नाही. म्हणून तो माल. मालाच्या यादीत कुरेमात्सुंची नोंद मी अशी केली: व्यक्ती, एक, विक्रीसाठी नाही.

मालाची मर्यादा साडेतीनशे किलो. फ्रीज, फळ्या, भरलेली टाकी आणि कर्णा मिळून दोनशे ब्याऐंशी. कुरेमात्सु एकाहत्तर. बेरीज तीनशे त्रेपन्न.

"तीन किलो कमी करतो," कुरेमात्सु म्हणाले. "पंधरा दिवस द्या."

"मग आपण वर जाऊ शकाल," साहेब म्हणाले. "तोफू जाऊ शकणार नाही."

कुरेमात्सुंनी पहिल्यांदा चहा पिऊन टाकला. कप खाली ठेवला. म्हणाले, "साहेब, मी तीस वर्षं तोफू वर नेतोय. मला वर नेऊन ते लोक काय करतील?"

साहेब खुर्चीवरून उठले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढले आणि एक वाट सापडली, ती पूल-सवलत नावाची. पांढऱ्या पाटीच्या गाडीलाही पुलावरून जाता येते, फक्त पलीकडच्या वस्तीची गरज सिद्ध झाली पाहिजे. म्हणजे गेनपेईंचा पहिला उपाय, पाव मिलिमीटरचा बोअर, पांढरी पाटी आणि वर सवलतीचा कागद. गरज सिद्ध करायला एकच प्रश्न होता: गेल्या साठ दिवसांत वस्तीचा पुरवठा खंडित झाला आहे काय? गाडी थांबल्याला एकाहत्तर दिवस झाले होते. सगळ्यांनाच हायसे वाटले. गेनपेईंनी त्याच संध्याकाळी बोअर मारायला घेतला आणि चिनात्सुने त्यांच्या हातात स्पॅनर दिले.

सर्वेक्षणासाठी मी कार्यालयाच्या पिवळ्या पाटीच्या गाडीने वर गेलो. वस्तीतले नऊही जण इकुशिमा फुसाए आजींच्या ओसरीवर जमले होते. आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी माझ्यापुढे मिसोचे सूप ठेवले. त्यात तोफू होते. कडेला वाळवलेल्या माशाचा तुकडा.

मी प्रश्न वाचून दाखवला. गेल्या साठ दिवसांत पुरवठा खंडित झाला आहे काय?

"नाही," फुसाए आजी म्हणाल्या.

मला वाटले त्यांना नीट ऐकू आले नाही. मी पुन्हा वाचला.

"नाही म्हटलं ना. दर मंगळवारी, शुक्रवारी मी आणलं. कुरेमात्सुच्या दुकानात जायचं, यादी द्यायची, परत यायचं. एक खेप चुकलेली नाही."

तेव्हा मी ओसरीच्या कोपऱ्यात उभी केलेली लाकडी चौकट पाहिली. कुरेमात्सुंनी पहिल्या चहाच्या वेळी सांगितलेली आणि मी न नोंदवलेली गोष्ट हीच होती.

मी पेन खाली ठेवले. सांगितले की आजी, एखादा तरी दिवस चुकला असेल. मे महिन्यात दोन दिवस वादळ होते. एक दिवस चुकला असे लिहिले तरी पुरेल, गाडीला सवलत मिळेल. बाकीचे आठ जण आजींकडे बघत होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या तरुणाने तर मान हलवून मला दुजोराही दिला.

"वादळात पण गेले होते," आजी म्हणाल्या. "शेजारच्या कामाकिरिंची औषधं होती. मग न गेले असं कसं लिहू? लोक काय म्हणतील, फुसाएनं खेप चुकवली."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून सहीऐवजी मारायचा आपल्या नावाचा शिक्का काढला, तोंडाची वाफ देऊन ओला केला आणि "नाही"च्या पुढे सरळ उमटवला. इतका सरळ शिक्का मी कार्यालयातही पाहिलेला नाही.

गरज सिद्ध झाली नाही. फाइल बंद झाली. व्हॅन गॅरेजमध्ये उभी आहे, बोअर मारलेली, सहाशे बासष्ट पूर्णांक एक, पुलापर्यंत जोरात जाईल अशी.

परत येताना मी सवयीने गणित केले. आजींचे वजन अडतीस किलो, ओझे बारा, चढ तीनशे दहा मीटर, वेळ तीन तास दहा मिनिटे. शून्य पूर्णांक शून्य दोन अश्वशक्ती. मर्यादा चौसष्टची आहे. आक्षेपाला जागा नाही.

एबिसावासाहेबांचे मत असे पडले की पुरवठा नियमित आहे हे सिद्ध झाल्यावर त्याच्या साधनाची नोंद नसणे योग्य नाही. म्हणून आता एक अर्ज माझ्या टेबलावर आहे. वाहून नेण्याची जागा: पाठ. इंधन: भात. वय: अठ्ठ्याऐंशी. गुडघ्यातून आवाज येतो, हे शेऱ्यात आहे. क्षमता कमी होत असल्याने खाली नेहमीचे दोन चौकोन आहेत, सुधारणा आणि बदली, आणि दोन शिक्क्यांच्या जागा. एक माझा.

आज शुक्रवार आहे. खिडकीतून दिसते की आजी पायरीवर बसल्या आहेत, बाक मोकळा आहे. वरच्या मजकुरात मी त्यांना दोनदा बाहेर बसवले होते, आणि वस्तीत दुकान नाही हेही सुरुवातीलाच सांगितले होते. ते वाचताना आपण बहुधा पॉइंट चौदा बरे की टर्बो बरे, याचा विचार करत होतात. मीही तोच करत होतो. त्यामुळे संकोच बाळगू नये. कोणत्या चौकोनात खूण करायची तेवढे ठरवावे आणि शिक्का घेऊन यावे. दुसरी जागा साक्षीदाराची आहे.

चहा मिळेल.